माडीवरच्या खोलीत यंदा आढी घाला

स्टोक रो, ऑक्सफर्डशायर
रविवार, सकाळ

तीर्थरूप आई-बाबांना चिमीचा साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. आम्ही तिघंही ठणठणीत आहोत. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरात छाप आणि शनिवारी जाशील तेव्हा नेऊन दे. फोनवरच बोलले असते. पण बाबा, तुम्ही कानातलं यंत्र डबीत ठेवता आणि नुसतं "बरं बरं" म्हणता. आणि आई, तुझा चेहरा समोर दिसला की माझं बोलणं घशातच अडकतं. गेले तीन रविवार हेच चाललंय. तेव्हा आई, चष्मा लाव, पडवीत बस आणि मोठ्यानं वाच. मधलं काही गाळू नकोस. तू गाळलंस की बाबांना लगेच कळतं.

तर, आम्ही घर घेतलं. भाड्यानं नाही, विकत. शुक्रवारी किल्ल्या मिळाल्या आणि आज मी हे नव्या घराच्या स्वयंपाकघरात, खोक्यावर बसून लिहितेय.

बाबा, मी निघाले तेव्हा तुम्ही एसटी स्टँडवर विचारलं होतंत, "किती वर्षं?" मी "दोन" म्हटलं होतं. त्याला बारा वर्षं झाली. नंतर तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर बरं झालं असतं, मला निदान उत्तर तरी शोधावं लागलं असतं. घराचं कर्ज २५ वर्षांचं आहे आणि मी ४१ ची आहे. तुम्ही गणिताचे मास्तर, बेरीज तुम्ही करालच. मी ती इथे लिहीत नाही.

का घेतलं, ते सांगते. रेडिंगच्या फ्लॅटचं भाडं दर वर्षी वाढत होतं. खालच्या मजल्यावर ओल यायची, त्यानं तुमच्या नातीचा खोकला हटत नव्हता. जावईबापूंचं काम आता आठवड्यातले तीन दिवस घरूनच असतं, म्हणजे शहरात राहायचंच कशाला? माझं हॉस्पिटल इथून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. शिवाय इथे शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. आणि भाडं भरून दुसऱ्याची भिंत किती दिवस पुसायची, हे तर बाबा तुमचंच वाक्य. बघा, मी एकामागून एक कारणं देत सुटलेय. लहानपणी पाटी फुटली की अशीच द्यायचे ना? तेव्हा तुम्ही म्हणायचात, एकच कारण खरं असतं, बाकीची त्याला टेकू देतात. खरं कारण म्हणजे हे गाव मला आवडलं. त्याच्यापुढे माझ्याकडे काही नाही.

आता आई, तुझ्यासाठी. गाव लहानसं आहे, टेकडीच्या माथ्यावर, चिल्टर्न नावाच्या टेकड्यांत. एक लांबट रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरं, आपल्या खालच्या वाडीसारखीच. शाळा आहे, चर्च आहे, आणि दारूचे गुत्ते म्हणशील तर तेही आहेत, पण तिथे लोक पोरंबाळं आणि कुत्री घेऊन जेवायला येतात, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस. कॅलेंडरवर असतं तसं गवती छपराचं घर काही आम्ही घेतलेलं नाही, आमच्या खिशात ते बसणारही नाही. आमचं घर १९५० च्या दशकातलं, साधं विटांचं, एका बाजूनं शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेलं. जुन्या घरांच्या भिंती मात्र बघण्यासारख्या आहेत. विटांच्या ओळींमध्ये काळ्या-करड्या गारगोट्या बसवलेल्या असतात. शेतात नांगर फिरला की या गारगोट्या वर येतात, म्हणून त्याच बांधकामाला वापरल्या. दोन गारगोट्या आपटल्या की ठिणगी पडते. तुमच्या नातीनं पहिल्याच दिवशी करून बघितलं आणि माझा ओरडा खाल्ला. अगदी बाबांवर गेलीय.

नळाला चोवीस तास पाणी आहे, आणि ते तसंच प्यायचं, उकळावं लागत नाही. पाण्यात चुना फार, किटलीत पांढरा थर बसतो, पण त्यानं पोट बिघडत नाही. घर गरम करायला तेलाची टाकी आहे परसात, आपल्या पाण्याच्या टाकीएवढी. ती भरायला टँकर येतो. फुरसं नाही, विंचू नाही. डास थोडे, फक्त उन्हाळ्यात. कढीपत्ता, उडीदडाळ, कुळीथ, सगळं रेडिंगला मिळतं. तू दिलेली आंबोशी अजून अर्धी बरणी शिल्लक आहे. देव्हारा पूर्वेच्या खिडकीजवळच मांडलाय, तुझं विचारून व्हायच्या आधीच सांगते. तुळस इथल्या थंडीत तग धरत नाही, म्हणून ती आत, खिडकीत. काळोख मात्र लवकर पडतो. डिसेंबरात दुपारी चारला दिवे लावायचे. याचं मला अजूनही वाईट वाटतं, तिन्हीसांजा म्हणायला संध्याकाळच होत नाही.

बाबा, आता नीट ऐका, यंत्र लावा. या गावात एक विहीर आहे. ३६८ फूट खोल.

आपली ४२ फूट. म्हणजे पावणेनऊपट, मी हिशेब केला. व्यास फक्त चार फूट. आणि सगळी हातानं खणलेली. १८६३ साली सुरुवात केली आणि १८६४ च्या २४ मे ला, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाला, ती गावासाठी खुली केली. आपल्या विहिरीला सुरुंग लावूनसुद्धा दोन उन्हाळे गेले होते! खाली उतरलेल्या माणसाला वरचं तोंड चवलीएवढंसुद्धा दिसत नसेल.

आणि ती बांधून दिली कोणी, तर काशीच्या महाराजांनी. ईश्वरीप्रसाद नारायण सिंह त्यांचं नाव. १८५७ च्या उठावात झाशीची राणी लढत होती तेव्हा हे महाराज इंग्रजांच्या बाजूला होते, हे तुम्ही म्हणणारच, आणि ते खरंच आहे. पण पुढचं ऐका. एडवर्ड अँडर्डन रीड नावाचा एक अधिकारी तिकडे होता, इथून जवळच्या इप्सडेन गावचा. त्यानं १८३१ मध्ये आझमगडला लोकांसाठी विहीर खणून दिली होती. महाराजांशी त्याची मैत्री होती. बोलता बोलता त्यानं आपल्या गावाकडची पाण्याची रड सांगितली. त्यातलीच एक हकिकत अशी, की एका पोरानं दुष्काळात घरातलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं आणि त्याच्या आईनं त्याला बडवलं. रीड निवृत्त होऊन घरी परतला. महाराजांच्या डोक्यात ते पोर राहिलं असणार. त्यांनी सात समुद्रापलीकडे पैसे पाठवून विहीर खणून घेतली. वर घुमट आहे, आपल्याकडच्या छत्रीसारखा. पाणी ओढायच्या यंत्रावर एक सोनेरी हत्ती बसवलाय. यंत्र जवळच्या वॉलिंगफर्डच्या कारखान्यात घडवलेलं. विहिरीच्या देखरेखीला पैसा हवा, म्हणून शेजारी चेरीची बाग लावून दिली, तिचं नाव ईश्वरी बाग. राखणदाराला छोटं घरसुद्धा. ऑक्सफर्डशायरमध्ये "बाग" हा शब्द पाटीवर वाचला तेव्हा मी रस्त्यात थांबून एकटीच हसले. जावईबापू म्हणाले, झालं, आता घर इथेच.

तुम्ही विचाराल, इंग्लंडात पाऊस रोज पडतो, मग पाण्याची रड कसली? मीही विचारलं. इथल्या जमिनीखाली खडू आहे. आपण फळ्यावर लिहायचो तसा, पण डोंगरच्या डोंगर. पाऊस पडला की सगळं पाणी झिरपून खोल जातं. वर कुठेकुठे चिकणमाती आहे, तिथे तळी साचायची आणि उन्हाळ्यात तीही आटायची. थेम्स काही मैलांवर, खाली दरीत वाहतेय आणि टेकडीवरचे लोक गढूळ पाण्यावर दिवस काढतायत. आपल्याकडे जांभ्यावर सव्वाशे इंच पाऊस पडतो आणि एप्रिलात कळशी घेऊन पऱ्यावर जावं लागायचं, त्यातलाच प्रकार. इथे पाऊस जेमतेम तीस इंच, तोही पिरपिर.

सत्तरपेक्षा जास्त वर्षं गावानं ती विहीर वापरली. भरलेली बादली वर यायला दहा मिनिटं लागत. आता वरून जाळी आहे. आत डोकावलं तर थंड वारा तोंडाला लागतो, बाकी नुसता काळोख. १९६४ ला शंभर वर्षं झाली तेव्हा एलिझाबेथ राणीचा नवरा प्रिन्स फिलिप आला होता आणि गंगेचं पाणी आणून त्या विहिरीत घातलं होतं. आई, म्हणजे तुझ्या लेकीच्या गावच्या विहिरीत गंगा आहे. काशीला जायचं राहिलं म्हणून तू हळहळतेस, निम्मं काम तर इथेच होईल.

त्या पोराची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आपली पितळी कळशी आठवली. विहिरीच्या आधीचा तो मे महिना. मी शेवटचं पाणी भातुकलीत घातलं होतं. आई, तू मारलंस त्याचं मला काहीच नाही, शपथ, कधीच नव्हतं. पण एक सांगितलं नव्हतं. रात्री तू माझ्या पाठीला खोबरेल चोळत होतीस आणि रडत होतीस, तेव्हा मी जागी होते. डोळे घट्ट मिटून पडले होते, कारण जागी आहे कळलं असतं तर तू थांबली असतीस. दुसऱ्या वर्षी बाबांनी पाणाड्याला बोलावलं. पाटल्यांचं मी काढत नाही.

बाबा, आई इथे थांबली असेल तर तिला पाणी द्या आणि पुढचं तुम्ही वाचा. पुढचं सोपं आहे.

इथली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पायवाटा. शेतांतून, कुरणांतून, लोकांच्या कुंपणांना लागून जुन्या वाटा जातात आणि त्यांवरून कोणीही चालावं. सरकारी नकाशावर त्या नोंदवलेल्या असतात, मालकाला त्या अडवता येत नाहीत. कुंपण आलं तर ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात. मालक समोर भेटला तर हात वर करून "मॉर्निंग" म्हणतो. तात्याकाकांच्या बांधावरून आपण किती वर्षं घालवली? (हे त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. बाबा, मी गंभीरपणे सांगतेय.)

आजूबाजूला बीच नावाच्या झाडांचं रान आहे. उंच, गुळगुळीत खोडाची झाडं. पूर्वी या रानांत बसून माणसं खुर्च्यांचे पाय घडवायची, त्यांना बॉजर म्हणत, आणि ते पाय मग हाय विकमच्या कारखान्यांत जायचे. एप्रिलच्या शेवटी झाडांना पानं फुटता फुटता खाली निळी फुलं येतात, ब्लूबेल. अख्खी जमीन निळी होते. सड्यावर श्रावणात फुलं येतात ना, तशीच अचानक येतात आणि जातात. तुलना करू नये म्हणते आणि प्रत्येक ओळीत तीच करतेय. काय करू? नजर तुम्हीच दिलीत.

आणि घारी! इथल्या घारी तांबूस, शेपूट दुभंगलेली. इंग्लंडातून त्या नाहीशा झाल्या होत्या, तर १९८९ ते १९९४ या काळात स्पेनहून आणून या टेकड्यांत सोडल्या. आता इतक्या झाल्यात की मान वर केली की एक तरी दिसते. शीळ घालतात. आई, वाळवणावर बसून काठी घेऊन राखण करायची मला सवय आहेच. इथेसुद्धा बाहेर बसून खाताना हातातलं सँडविच उचलून नेतात.

आता या कधी, ते बोलू. मे मध्ये या म्हटलं तर बाबा आंबा सोडून येणार नाहीत, आणि जूनमध्ये तू आगोटीचं सामान भरल्याशिवाय हलणार नाहीस. जून संपला की या. जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. चेरीसुद्धा त्याच सुमाराला. तुम्हाला खालची खोली दिलीय, जिना चढायचा नाही, संडास-बाथरूम शेजारीच. बादली आणि तांब्या आणून ठेवलाय, शॉवरखाली आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही हे मला माहीत आहे. नात बाबांची वाट बघतेय. तिचं म्हणणं, विहिरीत खडा टाकला तर तळाला जायला किती सेकंद लागतील हे आजोबा न टाकता सांगतील. तुम्ही येईपर्यंत उत्तर काढून ठेवा.

इथून पुढे ओरडा आहे.

बाबा, वहिनीनं मला सगळं सांगितलंय. तिला चुगलखोर म्हणायचं नाही. मागच्या मंगळवारी रहाटाशी तुम्हाला चक्कर आली आणि तुम्ही कठड्यावर बसून राहिलात. आणि मला फोनवर काय सांगितलंत? "मजेत!" स्टेंट घालून वर्ष झालं नाही अजून. रहाट बंद. हंड्यांचा व्यायाम होतो वगैरे ऐकणार नाही, व्यायामाला खळ्यात फेऱ्या मारा. पंपाचे पैसे मी दादाकडे दिलेत. गुरुवारी सकाळी वायरमन येईल. मागच्या खेपेसारखा चहा पाजून परत पाठवू नका. "विहिरीचं पाणी हातानं काढलं की गोड लागतं" हे त्याला ऐकवायचं नाही, त्याला त्याचं काम करू द्या. पंप बसल्यावर रहाट काढून टाका असं मी म्हणत नाही, असू दे तो जागच्या जागी. मी आले की ओढेन.

गोळ्यांची डबी मी वारांप्रमाणे भरून आणलेली होती, ती कपाटात शोभेला ठेवलीय असं कळलं. ती वापरा. आई, तू बाबांची गोळी घेतली की नाही बघत बसतेस आणि स्वतःची रक्तदाबाची विसरतेस. गुडघ्याला पट्टा बांध, नुसता चांगला आहे म्हणून घडी करून ठेवू नकोस. माळ्यावर चढायचं नाही. दोघांनीही नाही. माळ्यावर जे आहे ते चाळीस वर्षं तिथे आहे, अजून राहील. रात्री दादाचा फोन उचला. तो बोलत नाही फारसं, पण तुम्ही उचलला नाहीत तर तो रत्नागिरीहून गाडी काढतो, आणि मग वहिनी मला फोन करते. मी लांब आहे म्हणून सगळं त्याच्या अंगावर टाकलंय असं वाटून घेऊ नका. वाटलं तर मला सांगा. त्याला नको.

एक शेवटचं राहिलं, आणि ते लिहायला मी इतकी पानं घालवली.

माडीवरची खोली. बाबा, मी गेले त्या वर्षी तुम्ही ती बांधलीत, पश्चिमेच्या खिडकीसकट. दर दिवाळीला चुना काढता आणि परत कुलूप लावता. मागल्या खेपेला आले तेव्हा बघितलं, कोनाड्यात माझी दहावीची कंपासपेटी तशीच आहे. ती खोली तुम्ही माझ्यासाठी ठेवलीत हे मी कधीच विसरणार नाही. पण आता कुलूप काढा. बंद खोलीला वाळवी लागते, तुम्हीच म्हणता. यंदा तिच्यात आढी घाला. गवत पसरा, पायरी एका बाजूला, हापूस एका बाजूला. माजघरात दर वर्षी जागा पुरत नाही आणि आई ठेचकाळते. खोली माझीच राहील, आंब्यांचा वास येईल एवढंच. मी येईन तेव्हा खाली तुमच्याजवळ झोपेन, मला तसंही वर एकटीला झोप लागत नाही.

रागावला असाल तर रागवा, पण एक-दोन दिवसांत फोन करा. आई, तू रडू नकोस. रडलीस तर सांगू नकोस.

जावईबापूंचा नमस्कार, नातीचे पापे.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, उन्हाळा लागला की तुम्ही कालनिर्णयवर रोज विहिरीचं पाणी मोजून लिहिता. फोन कराल तेव्हा आधी ते सांगा. आज किती हात आहे?